उंबरठ्याबाहेरची काठी

मराठी घरात शस्त्रांची वाण कधीच नव्हती. स्वयंपाकघरात विळी असते, उखळापाशी मुसळ असते, पाट्यावर वरवंटा असतो, आणि शेतकऱ्याच्या घरी आढ्याला विळा खोचलेला असतो. यांतील बहुतेक साधने दिवसातून दहा वेळा बाईच्याच हाती येतात. असे असूनही ज्या घरात नवरा बायकोला मारतो त्या घरात ही सारी साधने जागच्या जागी राहतात. मार खाणारी बाई विळीपाशीच बसलेली असते, पण विळीला तिचा हात जात नाही. म्हणून स्त्रीने घरातील अत्याचारापासून बचावासाठी शस्त्र हाती घ्यावे की घेऊ नये, या प्रश्नाचा विचार करताना आधी एवढे मान्य केले पाहिजे की, हा शस्त्रांच्या तुटवड्याचा प्रश्न नाही.

विनोदी मासिकांनी मात्र बायकोच्या हाती लाटणे देऊन दोन-तीन पिढ्या करमणूक केली. दाराआड लाटणे उगारून उभी असलेली धिप्पाड गृहिणी आणि जोडे हातात घेऊन चोरपावलांनी शिरणारा किरकोळ नवरा, हे व्यंगचित्र ज्याने पाहिले नाही असा दिवाळी अंकांचा वाचक विरळा. प्रत्यक्षातला हिशेब असा आहे : २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ती गोष्ट कोणापाशीही बोलून दाखविली नव्हती. मदत मागितली होती ती अवघ्या १४ टक्क्यांनी. आणखी एक आकडा आहे व तो अधिक बोचरा आहे. काही कारणे घडल्यास नवऱ्याने बायकोला मारणे रास्त आहे, असे ४४ टक्के पुरुषांनी सांगितले, आणि ४५ टक्के स्त्रियांनी सांगितले. विळीला हात का जात नाही, याचे थोडेबहुत उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

सशस्त्र स्त्रीचे आपल्याला वावडे आहे, असेही म्हणता येत नाही. नवरात्रात आपण जिची पूजा बांधतो ती महिषासुरमर्दिनी आठ हातांत आयुधे घेऊन उभी असते. झाशीच्या राणीचा पुतळा नसलेले मोठे शहर शोधावे लागेल. परंतु देवीने मारला तो असुर, आणि लक्ष्मीबाईंची तलवार उपसली गेली ती परकीय सत्तेवर. बाहेरच्या शत्रूवर चालणारे बाईचे शस्त्र आपल्याला वंदनीय वाटते. तेच शस्त्र माजघरात उगारले गेले की आपण अस्वस्थ होतो. दिल्लीतील २०१२ च्या भीषण घटनेनंतर, २०१४ च्या जानेवारीत, कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. नाव ‘निर्भीक’, वजन सुमारे अर्धा किलो आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. ते स्त्रीने पर्समध्ये बाळगावे, अशी कल्पना होती. पर्समधले शस्त्र रस्त्यावर भेटणाऱ्या अनोळखी माणसासाठी असते. ज्याच्याकडून रोज भय आहे तो माणूस त्याच घरात राहतो, त्याच कपाटाची किल्ली बाळगतो, आणि सव्वा लाख रुपये खर्चावयाचे की नाही हेही बहुधा तोच ठरवितो. अशा घरात रिव्हॉल्व्हर आणून ठेवले तर ते प्रथम कोणाच्या हाती लागेल, हे सांगावयास तज्ज्ञ नको.

कायदा काय म्हणतो? आपल्या दंडसंहितेतील स्वसंरक्षणाचा अधिकार पुष्कळ उदार आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली संहितेचा पहिला मसुदा केला, तेव्हा या देशातील लोक अन्याय मुकाट्याने सोसतात अशी त्याची समजूत होती, आणि त्यांच्यात पौरुषाची वृत्ती जागी व्हावी म्हणून हा अधिकार त्याने मोकळ्या हाताने दिला. ‘पौरुष’ हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून घेऊ नये. तो मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता तो वाटेत दरोडेखोराशी गाठ पडलेला पुरुष. १८६० च्या संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये हा अधिकार आला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत जवळजवळ जसाच्या तसा आहे. मृत्यूची, जबर दुखापतीची किंवा बलात्काराची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत तो पोचतो. त्यावर मर्यादा आहेत. हानी गरजेपेक्षा अधिक होता कामा नये. भीती असेल तोवरच अधिकार टिकतो. आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्याइतका वेळ असेल तर तो अधिकार उरतच नाही.

दरोड्याला ही मापे बरोबर बसतात. दरोडा एकदा सुरू होतो आणि एकदा संपतो. घरातल्या माराला असा आरंभ नाही आणि शेवटही नाही. नवरा मारीत असतो त्या क्षणी बाईला भीती पुरेपूर असते, पण तिच्या अंगी तेवढे बळ नसते. तो थकून झोपी गेला म्हणजे तिला उसंत मिळते. पण मग कायद्याच्या दृष्टीने भीती सरलेली असते, आणि पोलीस ठाण्यात जाण्यास ‘वेळ’ होता असे म्हटले जाते. त्या वेळात रात्री दोन वाजता, कडेवर मूल घेऊन, तिने कोणत्या वाटेने ठाण्यात जावे, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. बलात्काराच्या भीतीपोटी केलेला प्रतिकार कायदा मानतो खरा; परंतु अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेली बळजोरी ही व्याख्येनेच बलात्कार ठरत नाही, आणि हा अपवाद २०२३ च्या नव्या संहितेतही ठेवला गेला. तेव्हा संहितेतील सर्वांत मोठ्या ढालीचा हा भाग विवाहितेला स्वतःच्या घरात वापरता येत नाही.

इंग्लंडमधील एका खटल्याने ही अडचण साऱ्या जगापुढे मांडली. किरणजित अहलुवालिया ही पंजाबातून लग्न होऊन तिकडे गेलेली स्त्री. दहा वर्षे तिने मार सोसला. १९८९ च्या मे महिन्यातील एका रात्री नवऱ्याने तिच्या चेहऱ्याशी तापलेली इस्त्री आणली. तो झोपल्यावर तिने त्याच्या अंथरुणाला पेट्रोल टाकून आग लावली. काही दिवसांनी तो मरण पावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. प्रक्षोभ तत्काळ असावा लागतो. मार संपल्यावर काही वेळाने घडलेले कृत्य म्हणजे थंड डोक्याचा सूड, असा त्या कायद्याचा रोख होता. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने तिची बाजू लावून धरली, आणि १९९२ साली अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पुढे सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य होऊन, भोगलेली कैद पुरेशी धरून तिला सोडण्यात आले. न्यायालयाने आधार घेतला तो तिच्या खचलेल्या मनःस्थितीचा. ती रास्तपणे घाबरली होती, असे म्हणण्याऐवजी ती आजारी होती, असे म्हणणे कायद्याला सोपे गेले. इंग्लंडने प्रक्षोभाचा तो जुना नियम २००९ च्या कायद्याने बदलला व मन ढळणे तत्काळच असले पाहिजे ही अट काढून टाकली. आपल्याकडे २०१३ साली गुवाहाटी उच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला. नवरा मारीत असता पत्नीने त्याच्याच हातातले लाकूड हिसकावून त्याला मारले आणि तो दगावला. न्यायालयाने वर्षानुवर्षांच्या छळाचा परिणाम ध्यानात घेतला आणि खुनाचा ठपका कमी केला. निर्दोष मात्र ती ठरली नाही.

या दोघींच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. दोघीही एकट्या होत्या, दाराच्या आत होत्या, आणि त्यांचा हात उठला तो मरण-मारणाच्या टोकाला. बाईच्या हाती शस्त्र येण्याचा दुसराही एक प्रकार आहे आणि त्याची हकिगत अगदी निराळी आहे. ती पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यात, शहाद्याला जावे लागेल.

शहादे तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. तापीकाठची काळीभोर जमीन, आणि त्या जमिनीवर, एके काळी तिचे मालक असलेले भिल्ल सालदार म्हणून राबत आहेत, अशी तेथील परिस्थिती होती. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने गेलेल्या जमिनी परत मिळविण्याची चळवळ उभी राहिली, आणि १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. दुष्काळाचे ते दिवस. मजुरीसाठी, दुष्काळी कामांसाठी मोर्चे निघत, आणि त्या मोर्चांत भिल्ल स्त्रिया पुरुषांच्या पुढे असत. मोर्चात पुढे असणारी बाई संध्याकाळी घरी येऊन मार खाते, ही विसंगती त्यांच्या ध्यानी यावयास वेळ लागला नाही. मजुरीचे पैसे गुत्त्यावर जात आणि गुत्त्यावरून मार घरी येई. दारू सोडण्याचा उपदेश या भागाला नवा नव्हता. १९३० नंतरच्या काळात गुलाम महाराजांनी तो हजारोंना केला होता. स्त्रियांनी उपदेशाचा मार्ग धरला नाही. स्त्रियांच्या एका शिबिरात बोलणे दारूवरून मारहाणीवर गेले, आणि शिबिरच्या शिबिर उठून शेजारच्या गावातील गुत्त्यावर चालून गेले. दारूची मडकी फुटली. मग हे गावोगाव होऊ लागले.

यातून पुढे जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. एखाद्या स्त्रीने नवऱ्याने मारल्याचे सांगितले की गावातील बाकीच्या स्त्रिया जमत, त्या नवऱ्याला बाहेर काढून चोप देत, आणि चारचौघांत बायकोची माफी मागावयास लावीत. या कृतीतील क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम बाईने ‘सांगितले’ पाहिजे. सर्वेक्षणातल्या त्या ७७ टक्क्यांनी जे केले नाही तेच हे. मग इतर बायका येत, म्हणजे मारणारा हात एकीचा राहत नसे आणि सूडही एकीचा राहत नसे. आणि शेवटी माफी मागितली जाई ती उघड्यावर. माराचा वळ चार दिवसांत जात असेल. गावादेखत मागितलेली माफी नवऱ्याला विसरता येत नसे. त्या बाईला त्याच घरात, त्याच माणसाबरोबर पुन्हा राहावयाचे असे, आणि आता गावाला सारे ठाऊक आहे, हे दोघांनाही ठाऊक असे.

हे शहाद्यासच का घडले? तेथल्या बायका अधिक शूर होत्या, असे म्हणून भागणार नाही. भिल्ल स्त्री स्वतः मजुरी मिळवीत होती. तिच्या समाजात वधूपक्षाला देज देण्याची रीत होती, काडीमोडाची वाट खुली होती, दुसरे लग्न लाजिरवाणे नव्हते. जिला घर सोडता येते तिलाच घरात हात उगारता येतो. पांढरपेशा वस्तीतील गृहिणीला यांतील काहीच उपलब्ध नव्हते. त्याच १९७२ च्या सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध मोर्चे निघाले आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. व्यंगचित्रातले लाटणे खरोखरीच उगारले गेले ते सरकारवर आणि साठेबाजांवर. घरी परत गेल्यावर ते पोळपाटावर ठेवले गेले.

शहाद्याची चळवळ पुढे ओसरली. अंबरसिंग १९७४ साली वारले. मडकी पुन्हा भरली गेली असतील. तसे सगळीकडेच होते. परंतु तीस-बत्तीस वर्षांनी, शेकडो मैलांवर, जिचा शहाद्याशी काही संबंध असल्याचे दिसत नाही अशा एका मुलखात जवळजवळ तीच कृती पुन्हा दिसू लागली. तो मुलूख बुंदेलखंड. मराठी माणसाला तो छत्रसाल आणि बाजीरावांमुळे ठाऊक आहे, झाशीमुळे ठाऊक आहे. बांद्याचे नबाब तर बाजीराव-मस्तानीचेच वंशज. या बांदा जिल्ह्यातील संपत पाल ही स्त्री मेंढपाळ समाजातली, म्हणजे आपल्याकडील धनगरांसारख्या. बाराव्या वर्षी लग्न, पंधरा-सोळाव्या वर्षी मूल. त्यांची हकिगत प्रसिद्ध आहे. शेजारचा एक माणूस बायकोला बडवीत होता. संपतने मध्ये पडून विनवणी केली, तर त्याने तिलाही शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ती चार-पाच बायका आणि बांबूची काठी घेऊन गेली आणि त्याला बदडून काढले. २००६ च्या सुमारास या बायकांनी गुलाबी साडी हा गणवेश केला. इतर रंगांवर कोणत्या ना कोणत्या पक्षाचा वा पंथाचा हक्क लागलेला होता. गुलाबी मोकळा होता. ‘गुलाबी गँग’ या नावाने मग त्यांची कीर्ती परदेशापर्यंत गेली.

गुलाबी साडी आणि हातात उंच काठी, हे छायाचित्र इतके मोहक आहे की त्यात काठीच तेवढी दिसते. वास्तविक काठीचा क्रम शेवटचा असे. आधी नवऱ्याला समज, मग ठाण्यात तक्रार, तक्रार घेतली नाही तर ठाण्यासमोर ठिय्या, आणि हे सर्व होऊनही भागले नाही तर काठी. बहुतेक वेळा ती नुसती बरोबर असणेच पुरे होई. पोलिसाच्या हातातही काठी असते आणि तोही ती दर वेळी चालवीत नाही. या बायकांनी शिधावाटप दुकानाचे काळ्या बाजारात जाणारे धान्य अडविले, वीज कार्यालयावर चाल केली, बालविवाह थांबविले. त्यांच्यातील बऱ्याच जणी मध्यम वयाच्या, गरीब, दलित वा मागास जातींतील होत्या. नव्या सुनेला उंबरठा ओलांडता येत नाही. जिचे केस पांढरे होऊ लागले आहेत, जिच्याजवळ अब्रूखेरीज गमावण्यासारखे फारसे नाही आणि जिची अब्रू कोणी मोजीतही नाही, ती ओलांडू शकते.

या प्रकाराला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. कायदा हाती घेणे म्हणजे कायदा, एवढे म्हणून भागत नाही. जमाव आज मारकुट्या नवऱ्याला काढतो, उद्या कोणाला काढील याची हमी कोणी द्यावी? गुलाबी साडीतील स्त्रियांवर बेकायदा जमाव आणि मारहाणीचे खटले झाले. संपत पाल निवडणुकीस उभ्या राहिल्या, २०१२ साली पडल्या. २०१४ साली पैशाच्या गैरव्यवहाराचे आरोप होऊन संघटनेच्या प्रमुखपदावरून त्यांना दूर करण्यात आले. त्यांनी ते आरोप नाकारले. त्याहून मर्मावर बोट ठेवणारा एक प्रसंग निष्ठा जैन यांच्या २०१२ च्या ‘गुलाबी गँग’ या माहितीपटात आहे. संघटनेतीलच एका स्त्रीच्या भावाने घराण्याच्या अब्रूसाठी सख्ख्या बहिणीचा जीव घेतला. आणि परक्या घरांतील अन्यायावर काठी घेऊन जाणारी ही बाई कॅमेऱ्यासमोर भावाची बाजू घेते. त्या स्त्रीला ढोंगी म्हणणे सोपे आहे. पण शेजारच्या दारात जाऊन उभे राहण्याची ताकद आणि स्वतःच्या दारात उभे राहण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काठीने येते, दुसरी काठीने येत नाही. ४५ टक्क्यांचा तो आकडा गुलाबी साडी नेसल्याने पुसला जात नाही.

तरीही या आक्षेपांपुढे एक साधा प्रश्न उरतो. कायदा हाती न घेता तो कोणाच्या हाती ठेवावयाचा होता? शहाद्याच्या बायकांनी मडकी फोडली तेव्हा नवऱ्याच्या क्रौर्याला दंडसंहितेत स्वतंत्र कलम नव्हते. ते १९८३ साली आले. ज्या १९७२ साली श्रमिक संघटना निघाली, त्याच साली चांदा भागात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्यास वेळ होता की नाही, याची चर्चा करताना ते ठाणे कसे होते, हेही विचारले पाहिजे.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून, म्हणजे बांद्यात गुलाबी साड्या दिसू लागल्या त्याच वर्षी, अमलात आला. नवऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा बाईला घरात निर्धोक राहता यावे, हा त्याचा मुख्य हेतू आहे. घर कोणाच्याही नावावर असो, तिला तेथून हाकलता येत नाही. नवऱ्याने जवळ येऊ नये असा हुकूम दंडाधिकाऱ्याकडून मिळविता येतो. आणि तिची तक्रार नोंदवून पुढे नेण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेला असतो. मुंबईत तर टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ सालीच पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडून समाजकार्यकर्त्यांना ठाण्याच्या आत बसविले, आणि पुढे तो प्रयोग राज्यभर पसरला. काठीवाल्या बायका जे दारात करीत होत्या, तेच हा कायदा कागदावर करू पाहतो : घरातली गोष्ट बाहेर आणणे, आणि बाईच्या मागे दुसरे कोणीतरी उभे करणे. मात्र अनेक राज्यांत संरक्षण अधिकाऱ्याचे काम दुसऱ्याच एखाद्या अधिकाऱ्याकडे जादा म्हणून सोपविलेले राहिले. त्याचे कार्यालय सकाळी उघडते आणि संध्याकाळी बंद होते. गुत्ते बंद होण्याची वेळ निराळी असते, आणि त्यानंतर एखाद्या घरातून ओरडणे ऐकू आले तर कोणत्या शेजारणीचे दार उघडेल, हे आजही त्या त्या आळीवर अवलंबून आहे.